ऑरोविलची मातीची इमारत बघून आलो. जांबोटीच्या पावसात असं घर टिकेल का?

जांबोटीची_सून

नमस्कार. आम्ही बेळगावात शहापूरला राहतो. मिस्टर उद्यमबागेत फाउंड्रीत आहेत, मी मराठी शाळेत शिकवते. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या अलीकडे सासरची अडीच एकर जमीन आहे. खाली भाताची खाचरं, वर माळ, एका कडेनं ओढा आणि एक जुनी विहीर. मोठीची दहावी झाली की तिथं घर बांधून राहायला जायचं, असं घरात ठरत आलंय. वीज आपली, पाणी आपलं, भात-भाजी जमेल तेवढी आपली. शहरात उन्हाळ्यात नळाला पाणी कधी येणार यावर घरातली सगळी कामं ठरतात, आणि तिकडं आमच्याच विहिरीला वैशाखातसुद्धा पाणी असतं. हे मला वर्षानुवर्षं खटकत आलंय.

दिवाळीच्या सुट्टीत मामंजी, सासूबाई आणि दोन्ही मुलांना घेऊन पुदुच्चेरीला गेलो होतो. खरं कारण ऑरोविल, तिथून जवळच असलेली देशोदेशीच्या लोकांची वसाहत. मातीची मोठी इमारत स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मामंजी हो म्हणणार नव्हते, आणि त्यांचं म्हणणं मला पटत होतं.

तिथलं व्हिजिटर्स सेंटर दाबून केलेल्या मातीच्या विटांचं आहे. माती, वाळू आणि साधारण ५ टक्के सिमेंट ओलसर मिसळायचं, यंत्रात दाबायचं आणि चार आठवडे ओल धरून ठेवायचं. भट्टी नाही, म्हणजे सरपण जळत नाही. १९९२ साली या इमारतीला इजिप्तचे वास्तुविशारद हसन फती यांच्या नावाचा पुरस्कार मिळाला. भिंतींना बाहेरून गिलावा नाही, वीट उघडीच आहे. मामंजींनी नख लावून बघितलं, पोपडा निघाला नाही. मग ते भिंत सोडून जमिनीकडं बघत फिरायला लागले. जोतं किती उंच, छताचं पाणी कुठं पडतं, पुढं कुठं जातं. सासूबाई कमानीखाली थांबल्या आणि मला म्हणाल्या, "ह्यात सळई नाही म्हणतीस?" नाही. कमानीत सगळं वजन विटेवर विटेचा दाब देत खाली उतरतं, ताण येतच नाही, म्हणून लोखंड लागत नाही. मुलं तर त्या घुमटाखालून हलायलाच तयार नव्हती.

तिथल्या सोलर किचनच्या छतावर १५ मीटर व्यासाची आरशांची वाटी आहे. वाटी जागेवरच असते, ऊन जिथं एकवटतं तिथं नळी फिरते आणि त्यातल्या उष्णतेवर वाफ तयार होते. त्या वाफेवर शेकडो माणसांचा स्वयंपाक निघावा अशी ती सोय. पण ऊन कमी पडलं तर जोडीला डिझेलचा बॉयलर आहे. मिस्टरांच्या डोक्यात तेच बसलं. परतीच्या गाडीत ते सारखं म्हणत होते, "त्यांना तिथल्या उन्हात दुसरी सोय ठेवावी लागते, मग आपलं आषाढात काय?"

माझाही प्रश्न तोच. तिकडं मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. येतो तेव्हा धो धो येतो, पण आपल्यासारखं मृगापासून आभाळ झाकलेलं राहत नाही. जांबोटीला जुलैत पश्चिमेकडून झड येते ती भिंतीवर आडवी येते. मातीची वीट ते सोसेल का? की इथं आपला जांभ्याचा चिराच बरा? ते घुमट, त्या कमानी इथं करायच्या की मनातून काढून टाकायच्या? विजेचं काय करायचं, लाइन घ्यायचीच नाही असं ठरवलं तर पावसाळ्यात दिवे लागतील का?

पाण्याचा हिशेब मात्र मी करून ठेवलाय. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. १००० चौरस फुटांचं छप्पर म्हणजे ९३ चौरस मीटर. पाऊस १५०० मिलिमीटरच धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असं मानलं, तरी १ लाख १० हजार लिटरच्या वर पाणी येतं. आम्ही सहा माणसं. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी ८ लिटर, नोव्हेंबर ते मे साधारण २१० दिवस, म्हणजे १० हजार लिटरची टाकी पुरते. बाकी वापराला विहीर आहे. यात काही राहिलं असेल तर सांगा.

तिकडं राहणाऱ्यांनी, बांधकाम केलेल्यांनी, सोलर लावलेल्यांनी जरूर लिहावं.

चिरा_आणि_चुना

नमस्कार ताई. मी नंदगडचा. गवंडीकाम वडिलांपासून चालत आलंय. तुमच्या मामंजींना माझा नमस्कार सांगा, त्यांनी बरोबर जागी बघितलं. मातीच्या घरात भिंतीच्या आधी जोतं आणि पागोळी बघायची असते.

वीट सोसंल काय म्हणून विचारलासा. पाच टक्के सिमेंटची दाबलेली वीट पावसात विरघळत न्हाई. पण चार महिने सतत भिजत ऱ्हाईली तर ओल आत जाते, शेवाळ चढतं, घरात वास येतो. आपला चिरासुद्धा तसाच. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, वारं लागल्यावर कडक होतो, पण भोकं असतात, पाणी पितोच. म्हणून जुनी माणसं पश्चिमेला उघडी भिंत ठेवत नव्हती. पडवी काढायची, पडवीत भाताची पोती आणि औतं, तिच्या आत मग घराची भिंत. तुम्ही पण पश्चिमेला पडवीच काढा. जोतं तीन फूट, चिऱ्याचं. पागोळी भिंतीपासून तीन फूट तरी बाहेर. एवढं केलासा तर आत विटा मातीच्या वापरा न्हाईतर चिरा वापरा, दोन्ही चालतंय.

माझं मत विचारलासा तर जोतं आणि बाहेरची भिंत चिऱ्याची, आतल्या भिंती दाबलेल्या विटांच्या. चिरा जवळच्या खाणीतला मिळाला तर त्याला भट्टी न्हाई, लांबची गाडी न्हाई. लांबून आणलेल्या "पर्यावरणपूरक" मालापेक्षा तो केव्हाही बरा. आतल्या भिंतीला तुमच्या माळावरची माती चालंल. तिची परीक्षा घरीच होते. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती घ्या, वर पाणी घाला, जोरात हलवा आणि एक दिवस ठेवा. खाली खडी-वाळू बसते, मधी गाळ, वर चिकणमाती. वाळू निम्म्याच्या आसपास आणि चिकण पाचव्या हिश्शापेक्षा कमी असंल तर सिमेंट घालून वीट चांगली होते. चिकण जास्त असंल तर सिमेंटच्या जागी चुना. तिकडं बैलहोंगलकडच्या काळ्या मातीत हे काम करायला जाऊ नका, ती पाण्यानं फुगते, उन्हात फाटते. आपल्या लाल मातीत जमतं.

वेळ मात्र पाळायची. विटा डिसेंबर-जानेवारीत पाडायच्या, झाकून पाणी मारायचं, मार्चपर्यंत भिंती, एप्रिलात छप्पर. मृग लागायच्या आत कौलं चढली पाहिजेत. अर्ध्या भिंतीवर पाऊस घेतला तर सगळं फुकट जातं.

घुमट-कमानीचं विचारलासा. दार-खिडकीवर कमान खुशाल करा, लिंटलचं लोखंड वाचतं. छप्पर मात्र घुमटाचं नको. घुमटावर पाणी रोखायला वरून काहीतरी लेप लावावाच लागतो, आणि एवढ्या पावसात तो दरवर्षी बघावा लागतो. मंगळुरी कौलं, तीस अंशांपेक्षा कमी उतार न्हाई, दोन्हीकडं पाणी वाहून जातं. नवी घेऊ नका. जुनी घरं पाडतात तिथं चांगली भाजलेली कौलं आणि सागाचे वासे, किंजळीच्या तुळया स्वस्तात मिळतात. कौल बोटानं वाजवून बघायचं, खणखणीत वाजलं तर घ्यायचं. वानरं कौलं फोडतात ते खरं हाय. शंभरेक जास्तीची घेऊन ठेवा, आणि फांद्या छपरावर येऊ देऊ नका.

बाहेरून सिमेंटचा गिलावा करू नका एवढं ऐका. आतली ओल बाहेर जायला वाट लागते. चुनकळी आणून खड्ड्यात भरपूर पाण्यात विरवायची, महिनाभर तरी मुरू द्यायची, मग त्याचा गिलावा. सिमेंटपेक्षा वेळ जास्त लागतो, पण भिंत कोरडी ऱ्हाते.

निपाणी_वायरमन

वहिनी, विजेबद्दल मी लिहितो. माझं कामच ते आहे.

पहिलं काम म्हणजे घरात रोज किती युनिट लागतात ते लिहून काढणं. दिवे, पंखे, एक लहान फ्रिज, मिक्सर, मोबाईल, मुलीचा लॅपटॉप धरून ३ युनिटांत घर चालतं. गिझर, इस्त्री आणि विजेची शेगडी बॅटरीवर टाकायची नाही, हे आधीच सगळ्यांशी बोलून ठेवा. विहिरीचा पंप वेगळा धरा. १ एचपी म्हणजे पाऊण किलोवॅट, पण चालू होताना त्याच्या कितीतरी पट ओढतो. तो दुपारच्या उन्हात चालवून टाकी भरून ठेवायची.

१ किलोवॅटचं पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला ४ युनिटांच्या आसपास देतं. तुमच्याकडं आषाढात सलग ढग असले की तेच पॅनेल एक युनिटावर येतं, कधी त्याच्याही खाली. लोक यावर उपाय म्हणून बॅटऱ्या वाढवतात. बॅटरी वाढवून ऊन वाढत नाही, भरणार कशानं? पॅनेल वाढवा. ३ किलोवॅटचं पॅनेल आणि दोन दिवस पुरेल एवढी बॅटरी, हे १ किलोवॅट आणि खोलीभर बॅटऱ्यांपेक्षा चांगलं. उन्हाळ्यात जास्तीची वीज येईल, ती पंपाला आणि पिठाच्या घरगुती चक्कीला वापरा. दोन दिवसांची ६ युनिटं साठवायला साधी ट्युब्युलर बॅटरी (इन्व्हर्टरला असते तसली शिसं-आम्लाची) घेतलीत तर निम्मीच वापरायची असते, म्हणजे १५० एएचच्या (अँपिअर-अवर, बॅटरीत किती साठतं त्याचं माप) सहा-सात लागतील, आणि त्यात डिस्टिल्ड पाणी बघत बसावं लागतं. लिथियम आयर्न फॉस्फेटची ७-८ युनिटांची एकच पेटी पुरते. आज महाग वाटते, पण टिकते. पॅनेल दक्षिणेकडं, १५ अंशांच्या आसपास. वळवाच्या विजांसाठी चांगली अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्शन (विजेचा अचानक आलेला झटका अडवणारं साधन) दोन्ही घाला, यात पैसे वाचवू नका.

लाइन घ्यायचीच नाही हा निश्चय चांगला आहे, पण दोन गोष्टी माहीत असू द्या. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३० हजार आणि ३ किलोवॅटला एकूण ७८ हजार अनुदान आहे, ते लाइनला जोडलेल्या छतालाच मिळतं. आणि नुसतं लाइनला जोडलेलं, बॅटरी नसलेलं सोलर लाइन गेली की बंद पडतं, छतावर कितीही ऊन असलं तरी. लाइनमनला शॉक बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. पावसाळ्यात तुमच्या बाजूला झाड पडून लाइन जाते तेव्हा त्या सोलरचा उपयोग नाही. त्यामुळं अनुदान बघून भुलू नका, आपल्याला नेमकं काय पाहिजे ते ठरवा. जमिनीजवळ खांब असेल आणि मीटर मिळत असेल, तर कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत ठरवून दिलेल्या युनिटांपर्यंत, जास्तीत जास्त २०० पर्यंत, बिल येत नाही, तेही घरात बोलून बघा. खांब लांब असेल तर मग तुमचाच मार्ग बरा.

आता खरी गोष्ट. तुम्ही ओढा म्हणालात, आणि कोणी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. ज्या महिन्यात ऊन नाही त्याच महिन्यात ओढ्याला पाणी आहे. मलनाडात, सिरसी-चिक्कमगळूरकडं, कितीतरी घरं अशा ओढ्यांवर लहान टर्बाइन लावून पावसाळा काढतात. हिशेब सोपा आहे. सेकंदाला किती लिटर, गुणिले किती मीटर उंचीवरून, गुणिले ९.८, आले वॅट. त्यातले निम्मे हाती येतात असं धरा. सेकंदाला ५ लिटर पाणी आणि ८ मीटर उतार मिळाला तर ३९२, निम्मे धरून साधारण २०० वॅट. कमी वाटतात, पण टर्बाइन रात्रीही फिरतं. २०० वॅट चोवीस तास म्हणजे दिवसाला साडेचार युनिटांच्या वर. तुमचं घर त्यावर चालतं, आणि जुलैत पॅनेलकडून तुम्ही काही मागणारच नाही. बॅटरीसुद्धा लहान घेतली तरी चालेल.

तेव्हा पैसे खर्च करायच्या आधी दोन मापं घ्या. ओढ्याचं पाणी एका ठिकाणी पाइपातून बादलीत सोडा. १५ लिटरची बादली ३ सेकंदांत भरली तर ५ लिटर झाले. हे माप जूनच्या शेवटी, भर पावसात आणि दसऱ्याला, असं वेगवेगळ्या वेळी घ्या. आणि वरपासून खालपर्यंत उतार किती आहे ते मोजा. पाणी अडवायचं नाही, पाइपातून घेऊन खाली पुन्हा ओढ्यातच सोडायचं. तोंडाशी जाळी लागते, ती पाल्यापाचोळ्यानं रोज भरते, रोज काढावी लागते. वरचा काठ जंगल खात्याचा आहे की तुमचा, ते आधी बघा.

जांबोटीची_सून

भाऊ, ओढ्याचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्यासाठी तो भाताच्या पाण्याचा. वाचून दाखवल्यावर मामंजी लगेच म्हणाले की वरच्या बांधापासून खालच्या खाचरापर्यंत दोन पुरुष उंची तरी उतरतो, आणि काठ दोन्हीकडून आपलाच आहे. दसऱ्यानंतर महिनाभर तो बऱ्यापैकी वाहतो, संक्रांतीला बारीक होतो. पण संक्रांतीला ऊन असतंच!

कणकुंबीवाली

तुमचं वाचून बरं वाटलं. लोक इकडून बेळगावला जातायत, तुम्ही उलट येताय.

मी कणकुंबीच्या बाजूला लग्न होऊन आले, माहेर खानापूर. घर चिऱ्याचं, कौलारू, पश्चिमेला पडवी आहे आणि तरीही आम्ही मृगाआधी पडवीला झावळ्यांचे झाप बांधतो. गवंडीदादांनी सांगितलं ते सगळं खरं. माझं म्हणणं घरातल्या कामाबद्दल आहे, कारण ते बायकांच्या वाट्याला येतं आणि घराचा नकाशा काढताना कुणी विचारत नाही.

कपडे वाळवायची जागा नकाशातच काढा. आषाढात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. आमच्याकडं चुलीच्या वर माळा आहे, सरपण, कपडे, मिरच्या सगळं त्या उबेवर. सरपण वैशाखात भरून झाकून ठेवावं लागतं. नुसत्या गॅसवर स्वयंपाकघर केलंत तर घरात ऊबच राहत नाही, धान्याला बुरशी येते. बंगळूरच्या विज्ञान संस्थेतल्या लोकांनी काढलेली अस्त्र ओले चूल आमच्या घरी सासूबाईंच्या वेळेपासून आहे. धूर धुराड्यातून बाहेर जातो, लाकूड कमी लागतं. तसली चूल आणि तिच्यावर माळा, एवढं नक्की करा.

गोबरगॅस करायचा असेल तर जनावरं किती ते आधी ठरवा. २ घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलोच्या आसपास शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं. आमच्या दोन म्हशींवर १ घनमीटरचा चालतो, त्यात सकाळचा चहा-नाश्ता आणि एक वेळचं जेवण निघतं. थंडीत गॅस कमी येतो. स्लरी, म्हणजे गॅस निघून गेल्यावर उरलेला शेणाचा रबडा, मात्र भाताला सोन्यासारखी.

संडासाच्या शोषखड्ड्याचं कुणी बोललं नाही. भर पावसात इथं जमिनीत पाणी वरपर्यंत येतं, खड्डा शोषत नाही, उलट भरून येतो. खड्डा विहिरीच्या खालच्या अंगाला आणि लांब घ्या, उंचवट्यावर घ्या. न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी वेगळं काढून केळी, अळू, कर्दळीला सोडा. तुमच्या छपराच्या पाण्याचा हिशेब बरोबर आहे, फक्त पहिल्या आठवड्याचं पाणी टाकीत घेऊ नका, कौलांवरची सगळी घाण त्यात येते.

जमिनीचे कागदही बघून घ्या. भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झालं, त्याच्या जवळच्या गावांत आणि पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या सरकारी मसुद्यात आलेल्या गावांत बांधकामाला वेगळे नियम लागू शकतात. तुमचं गाव कुठं येतं ते तलाठ्याकडून लिहून घ्या. उतारा कन्नडमध्ये असतो, वाचणारा माणूस बरोबर न्या आणि ओढ्याच्या काठाची हद्द त्यात कशी दाखवलीय ते शब्द न् शब्द वाचून घ्या.

आणि सासूबाई-मामंजींचं वय काय? रात्री दवाखान्यात न्यायचं झालं तर खानापूर किंवा बेळगाव, रस्त्यात झाड पडलेलं असलं की गाडी अडते. मोबाईलला रेंज कुठं येते ते जागेवर उभं राहून बघा. घर बांधायच्या आधी जवळच्या गावात एक खोली भाड्यानं घेऊन आषाढ सगळ्यांनी मिळून काढा, मुलांसकट. शाळेचा प्रश्न असेल तर निदान शनिवार-रविवार.

जांबोटीची_सून

वहिनी, कपड्यांची जागा आणि शोषखड्डा दोन्ही लिहून घेतलं. सासूबाईंना तुमचं वाचून दाखवलं. त्यांचं लहानपण त्याच भागातलं. त्या म्हणाल्या, माळा नसलेलं घर मी बघायलासुद्धा येणार नाही. तेव्हा तो झालाच.

घरात बोलून असं ठरलंय. लाइन घ्यायची नाही हे पक्कं नाही, ओढ्याचं माप घेतल्यावर ठरवायचं. खोली भाड्यानं बघायला मिस्टर पुढच्या रविवारी जाणार आहेत. मोठी ओढ्याचं बादलीचं माप वहीत लिहिणार आहे, शाळेच्या प्रकल्पात तेच देणार म्हणते. गवंडीदादा, उतार मोजायला तुमच्याकडं काही साधन आहे का? आणि माळावरची माती कुठून किती घ्यायची?

चिरा_आणि_चुना

हाय की ताई. आमची पाणसळ नळी हाय, पारदर्शक, पन्नास फुटांची. दोन माणसं लागतात. टप्प्याटप्प्यानं खाली उतरत गेलं की उताराचं माप फारसं चुकत न्हाई. मी येतो, मामंजींना घरी असू दे, बांध त्यांनाच माहीत.

माती वरची काळसर घेऊ नका, त्यात मुळं-पाला असतो. दीड-दोन फूट खणून खालची लाल घ्या. तीन वेगळ्या जाग्यांवरची, तीन वेगळ्या बरण्यांत, बरणीवर जागा लिहून. हलवून ठेवा, मी आल्यावर बघतो. आणि जुनी कौलं बिडीच्या बाजूला एका वाड्याची निघायलीत असं ऐकलंय, वासे पण हायेत. मालकाशी बोलून ठेवू काय?